चुकांची वही

६ फेब्रुवारी

धाकटीस,

आज सकाळी साडेसहाला उठलो. पाणी भरलं, चहा केला, पेपर वाचला. दहाला मुख्याध्यापक आले, अकराला गेले. दुपारी जेवलो. मग तुझ्या ताईचं कपाट उघडलं.

तिला जाऊन परवा पाच महिने होतील. कपाट मी उघडलं नव्हतं. आज उघडावं लागलं, कारण मुख्याध्यापकांना तिच्याकडचे शाळेचे कागद हवे होते. ते म्हणाले, जेवणाच्या योजनेत ज्या कागदी चुका होतात त्या कमी करण्यासाठी सरकार अनुदान देणार आहे. ज्या शाळेत चुका जास्त, तिला दोन वर्षांसाठी एक लिपिक, एक संगणक आणि प्रशिक्षण. अर्जात गेल्या तीन वर्षांतल्या चुका आणि त्यांचं कारण लिहायचं आहे. तुझ्या ताईची लिपिकाची जागा अजून भरलेली नाही, म्हणून ते घाईत आहेत.

मी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात पाणी तपासलं. पाणी गढूळ आलं म्हणून आम्हाला कुणी बक्षीस दिल्याचं आठवत नाही. तू या जेवणाच्या योजनेच्याच खात्यात आहेस. हे खरंच असं असतं का?

हजेरीपट आणि अर्जांचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत. एक वही मात्र शाळेची नाही. जाड आहे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, आत तिचं अक्षर. ती बाजूला ठेवली आहे.

प्रकृती बरी आहे.

भाऊजी


१३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पलीकडे जात नाही आणि पत्रात मात्र पान भरता. म्हणून मीही पत्रच लिहितेय. कचेरीतले लोक हसतात. म्हणतात, बाई, अजून पाकिटं कुठे मिळतात?

हो, अनुदान खरं आहे आणि चुकांनाच आहे. तुमच्या पाण्यालाही खात्याने अधूनमधून पैसे दिलेच असतील, तुम्ही मान खाली घालून नळ्या बघत होतात म्हणून कळलं नसेल!

सांगते. घरात माणसं किती आणि मिळकत किती, यावर पोराला शाळेत जेवण फुकट, अर्ध्या दरात की पूर्ण दरात हे ठरतं. पालक अर्ज भरतात, लिपिक तपासतात. मिळकतीचा दाखला असतो, त्यात फारसं चुकत नाही. चुकतं ते माणसांच्या आकड्यात. एक माणूस इकडचं तिकडे झालं की पोर भलत्या रांगेत. कुणाचं हक्काचं जेवण जातं, कुणाला नको ते मिळतं. सगळीकडे हीच रड आहे.

ताईचे कागद देऊन टाका. ती वही मात्र मला पाठवा. वाचत बसू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष नाही झालं. नीट गुंडाळून रजिस्टरने पाठवा.

दोन वेळा जेवता ना? की सकाळचंच संध्याकाळी?

धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटीस,

काल शाळेत गेलो. गठ्ठे दिले, पोच घेतली. स्वयंपाकघरात डोकावलो. मुख्य आचारीण मावशी म्हणाल्या, “बसा, जेवल्याशिवाय सोडणार नाही.” चारशे बारा ताटांनंतर चारशे तेरावं माझं.

वही पाठवलेली नाही. निम्मी वाचली आहे. डोळ्यांना काही झालं नाही.

त्या वहीत चुका आहेत. तुझी ताई पहिल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक चुकलेल्या अर्जाच्या घरी गेली होती. पहिल्या वर्षी अठ्ठेचाळीस, दुसऱ्या वर्षी एकोणचाळीस. एकूण सत्याऐंशी घरं. काही तुझ्यासाठी उतरवतो.

‘वेल्डरचं घर. लिहिलेत सात, आहेत पाच. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. मोठा मुलगा जहाजावर. बाई म्हणाली, त्यांना वगळायचं कसं? खोटं नाही.’

‘जिन्याखालची खोली. लिहिलेत दोन, आहेत चार. अर्ज भरल्यावर नऊ दिवसांनी जुळं झालं. कळवायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. खोटं नाही.’

‘शिंपीण. लिहिलेत तीन, आहेत तीनच, पण तीन कोण ते दर महिन्याला वेगळे. बहिणीची मुलं आळीपाळीने येतात. खोटं नाही.’

‘पत्ता सापडला नाही.’ खाली आठवड्याने, ‘पुन्हा नाही.’ त्याखाली, ‘सापडलं. दार मागच्या बोळात आहे.’

प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘खोटं नाही’. दोनच ठिकाणी ‘खोटं आहे, समज दिली’.

दर रविवारी ती दुपारी तीनला बाहेर पडायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणायची. मी म्हणायचो, छत्री घे. दोन वर्षं मी एवढंच म्हणत होतो. छत्तीस वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं वाटतं. मी विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट. मुख्याध्यापकांनी अर्जाचा मसुदा दाखवला. तीन वर्षांत चुका नव्वद. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, ‘पूर्वीच्या लिपिक बाईंचा निष्काळजीपणा.’

मी विचारलं, हे असंच जाणार का?

ते म्हणाले, “अहो, मनाला लावून घेऊ नका. असं लिहावंच लागतं. हयात माणसाचं नाव घातलं तर तो भांडायला येतो. गेलेल्याला काय फरक पडतो?”

घरी आलो. हा शब्द थांबवता येईल का? एवढंच विचारायला लिहितो आहे.

भाऊजी


१ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मलाही वाईट वाटलं. पण रागावू नका, एक खरं सांगते. माझ्या टेबलावर दोनशेवर प्रस्ताव आलेत आणि शंभराहून जास्त शाळांनी हेच लिहिलंय. पूर्वीची लिपिक, निवृत्त लिपिक, बदली झालेली लिपिक. हा शब्द कुणी वाचत नाही. फाइल बंद होते आणि तोही तिच्याबरोबर बंद होतो.

वही बाहेर काढलीत तर मात्र सगळे वाचतील. छापील सरकारी अर्जावर पट्ट्या चिकटवून स्वतःचा प्रश्न घालणं म्हणजे नियमभंग. कुणाला न विचारता, सगळ्या अर्जांवर! निष्काळजी म्हटलं तर चौकशी होत नाही. नियम मोडला म्हटलं की होते, माणूस गेलेलं असलं तरी. तुम्हाला बोलावतील, मुख्याध्यापकांना बोलावतील. ताईचं नाव कचेरीकचेरीत फिरेल.

ऐका माझं. वही मला पाठवून द्या. मी जपून ठेवीन.

इथे थंडी अजून हटत नाही. ताईने विणलेला स्वेटर तुम्ही वापरता ना, की घडी मोडायची नाही म्हणून ठेवून दिलाय?

धाकटी


११ मार्च

धाकटीस,

सकाळी पाऊस पडून गेला. दुपारी उघडलं. स्वेटर वापरतो. कोपर विरलं आहे.

पट्ट्यांचं मी तुला लिहिलं नव्हतं. तेव्हा मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. तुला कसं कळलं, हे विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

आता वही पूर्ण वाचली आहे. छापील अर्जात होतं, ‘कुटुंबातील एकूण सदस्यसंख्या लिहा.’ त्यावर तिने पट्टी लावली. ‘काल संध्याकाळी तुमच्या घरात कोण कोण जेवलं? प्रत्येकाचं नाव लिहा. स्वतःचंही.’ बस, एवढंच. आकडा मागितलाच नाही. नावं आली, ती तिने मोजली.

तिसऱ्या वर्षी अर्ज दोनशे चौसष्ट, चुका तीन.

मी पुन्हा लिहितो. अठ्ठेचाळीस, एकोणचाळीस, आणि मग तीन. आमच्याकडे गाळणीची अख्खी टाकी बदलली तरी आकडा असा खाली येत नसे. तिने एक ओळ बदलली. मी खुर्चीत किती वेळ बसून होतो ते सांगता येणार नाही. दूधवाला बेल वाजवून गेला.

त्या पट्ट्या मी कापल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर, ती डिंक लावत होती आणि मी कात्री चालवत होतो. दोनशे चौसष्ट वेळा तो प्रश्न माझ्या हातातून गेला. पट्टी सरळ येते की नाही एवढंच मी पाहिलं.

वहीच्या पहिल्या पानावर घरांच्याही आधीची एक नोंद आहे. ती तुला कळली पाहिजे.

‘आज जेवताना यांना सहज विचारलं, आपल्या घरात माणसं किती? लगेच म्हणाले, तीन. धाकटी जाऊन चौदा वर्षं झाली. यांच्या लक्षातही आलं नाही, वर पाणी मागितलं. आमचे हे खोटं बोलत नाहीत. निष्काळजी तर नाहीतच. म्हणजे चूक माणसांत नाही, प्रश्नात आहे. रविवारपासून घरं बघायची.’

हे मला अजिबात आठवत नाही. पण मी ‘तीन’ म्हटलं असणार. तू दहा वर्षांची असताना ट्रंक घेऊन आमच्याकडे आलीस, सत्तावीस वर्षांची होऊन नोकरीवर गेलीस. मधे मी दुसरं काही मोजलं नाही.

वेल्डरच्या घरी जाऊन आलो. त्यांची बायको म्हणाली, “तुम्ही मोजणीबाईंचे? त्या एवढ्या लांब आल्या आणि नुसती नावं विचारली. एक कागद मागितला नाही. मी म्हटलं, बाई, तुम्हाला पगार कशाचा देतात?” त्यावर तुझी ताई काय म्हणाली ते त्यांना आठवेना. खूप हसली होती, म्हणाल्या. घराबाहेर ती मोठ्याने हसायची, हेही मला नवीनच.

माझं ठरलं आहे. नियम मोडला असेल तर तसं लिहिलं जावं. तो तिने खरोखर मोडला. निष्काळजी ती नव्हती. पुढच्या आठवड्यात वही मुख्याध्यापकांना दाखवणार. तुला त्रास होणार असेल तर आधी कळव, थांबेन.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुम्ही थांबला असाल हे माहीत असूनही.

तो प्रश्न मी लिहिलाय. ‘कुटुंबातील एकूण सदस्यसंख्या लिहा.’ समितीत सात जण होतो, मसुदा माझा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला केवढं भारी वाटलं होतं. आपलं वाक्य सगळ्या शाळांत छापून गेलं!

ताईने मला दोन पत्रं पाठवली होती. पहिल्यात लिहिलं होतं, तुझा प्रश्न बदल, लोक त्यात फसतायत. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात नवीन प्रश्न लिहून पाठवला आणि म्हणाली, तू बदलणार नसशील तर मी पट्ट्या लावीन. त्याला मी उत्तर दिलं. जावक क्रमांक घालून. सख्ख्या बहिणीला. ‘एका शाळेसाठी विहित नमुन्यात बदल करता येणार नाही.’ खाली सही आणि शिक्का.

जिने माझ्या वेण्या घातल्या तिला मी शिक्का मारून पाठवला, भाऊजी.

त्यावर ती कधी काही बोलली नाही. फोनवर हवापाणी, तुमचा गुडघा, माझं जेवणखाण. आजारपणात भेटायला आले तेव्हाही मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. ती म्हणाली, केस किती गेले गं तुझे, तेल लाव. त्या वहीत माझं ते पत्र असेल अशी मला भीती होती, म्हणून मागत होते. आहे का?

‘तीन’ वाचलं आणि टेबलावरून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा एक केलं. समितीतल्या सगळ्यांना चहाच्या वेळी एकेक करून विचारलं, तुमच्या घरात माणसं किती? सहापैकी चौघांचं चुकलं. सहसंचालकांनी परगावी नोकरीला असलेला मुलगा धरला आणि सासूबाई वगळल्या. सासूबाई आठ वर्षं त्यांच्याकडेच आहेत! कुणीतरी आठवण करून दिली तर म्हणाले, “अरे हो, त्या तर असतातच.”

आपल्या शाळेचा प्रस्ताव मी छाननीतून बाजूला काढून दुसऱ्याकडे दिलाय, नात्यातलं आहे असं लिहून. तुम्ही वही दाखवा. जे होईल ते होवो.

धाकटी


१९ एप्रिल

धाकटीस,

तुझं पत्र वहीत नाही. सगळी पानं पुन्हा चाळली, कव्हरही काढून पाहिलं. कपाटातही नाही. तिने ते ठेवलं नाही.

परवा शाळेत गेलो. मुख्याध्यापक वही चाळत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. म्हणाले, “म्हणजे गेल्या वर्षी तीनच चुका? मी तीन वर्षांची बेरीज करून सरासरी तीस दाखवली होती. तीस म्हणजे शेकडा अकरा, किमान मर्यादा दहाची. बरोबर बसत होतं. आता हे लिहिलं तर अनुदान गेलं. लिपिक गेला. भूगोलाच्या सरांना अर्ज तपासायला बसवावं लागेल, ते माझ्या डोक्यावर बसतील.”

मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही ठरवा. खरंच तसं वाटलं. मुलांचं काम महत्त्वाचं.

इतक्यात मावशी ताटांचा हिशेब सांगायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, “सर, सातव्या पानावर तुम्ही आहात. बाईंनी मला वाचून दाखवलं होतं.”

सरांनी सातवं पान काढलं. मीही वाचलं होतं, पण बोललो नव्हतो. ‘मुख्याध्यापकांना विचारलं. पाच म्हणाले. त्यांच्या घरी फोन केला, सहा. सरांनी सगळ्यांना मोजलं, स्वतःला विसरले. प्रश्नात “स्वतःचंही” घालायला हवं.’

सरांनी बोटांवर मोजलं. आई, बायको, तीन मुली. मग आपल्या छातीवर बोट ठेवलं. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “हसू नका,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. “बावीस वर्षं शाळा चालवतोय मी.”

मग त्यांनी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. एकदा खोडला, वाचता येत होता, म्हणून पुन्हा खोडला. त्या जागी तीन वर्षांचे तीन आकडे लिहिले आणि खाली पट्टीवरचा प्रश्न लिहिला. म्हणाले, “जाऊ दे लिपिक. भूगोलवाल्यांना मी बघून घेईन.”

वहीची नक्कल सोबत जाईल. मूळ वही घरी आणली.

भाऊजी


१५ मे

भाऊजी,

घाईत लिहितेय. तुमची शाळा अपात्र ठरली. पत्र मुख्याध्यापकांना गेलंय.

पण आधी हे ऐका. नियमभंगाचा मुद्दा निघाला. सहसंचालकांपर्यंत गेला. त्यांनी वहीची नक्कल घरी नेली, दोन दिवस दिली नाही. तिसऱ्या दिवशी फाइल आली. छापील शेरा होता, ‘संबंधित लिपिक हयात नसल्याने कार्यवाही नाही.’ त्याखाली त्यांनी शाईने लिहिलं होतं, ‘प्रश्न योग्य आहे. विहित नमुना बदलावा.’

अनुदान मिळालेल्या चाळीस शाळांत यंदा हाच प्रश्न जाईल. पुढच्या वर्षी सगळीकडे. मसुद्याची टिप्पणी मी लिहिली. ‘सुचवणार’ या रकान्यात ताईचं पूर्ण नाव आणि हुद्दा घातला. माझ्या जुन्या प्रश्नावर रेघ मारायचं कामही मीच केलं. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

सगळीकडे म्हणजे किती घरं, भाऊजी? मी आकडा काढायला बसले आणि सोडून दिला. संध्याकाळी बसमधून जाताना खिडक्यांतून दिवे दिसत होते. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी हा प्रश्न वाचेल आणि टेबलाभोवती एकदा बघेल, काल इथे कोण कोण होतं म्हणून. मला उतरायचं भान राहिलं नाही, दोन थांबे पुढे गेले.

जूनमध्ये आठ दिवस रजा टाकलीय. येतेय. विचारत नाहीये.

धाकटी


२३ मे

धाकटीस,

आज सकाळी सहाला उठलो. ऊन चांगलं होतं म्हणून चादरी धुतल्या. अकराला मुख्याध्यापक आले. चहा घेतला नाही, उभ्यानेच पत्र दाखवलं. मी उतरवून घेतलं.

‘गतवर्षातील चुकांचे प्रमाण विहित मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपली शाळा सदर अनुदानास अपात्र आहे. सदर शाळेत कमी करण्याजोग्या चुका आढळून येत नाहीत.’

सर म्हणाले, “असं पत्र आमच्या जिल्ह्यात कुणाला आलेलं नाही. मी चौकशी केली.” ते पत्र ते टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहेत. भूगोलाचे सर बोलत नाहीत, म्हणाले, पण अर्ज तपासतात.

ते गेल्यावर मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. पस्तीस वर्षांत कितीतरी अहवाल मी सही करून पाठवले. असं वाक्य कधी लिहायला मिळालं नाही. ती माझ्या शेजारी बसून जेवत होती, आणि तिने हे केलं होतं. मला यापेक्षा नीट सांगता येत नाही.

ये. गाडीची वेळ कळव.

इथवर लिहिलं आणि चादरी वाळल्यात का ते पाहायला उठलो. वाळल्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालायला वेळ लागतो. मधोमध दुमडून एक कड हनुवटीखाली धरली, दोन्ही हात ताणून खालची टोकं जुळवली आणि मग घडी घातली.

भाऊजी